एकाच चरातल्या दोन वाहिन्या

पावसाळा तोंडावर आला की घराघरांत पाण्याविषयीचे तेच प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात. नळाचे पाणी उकळायचे की नाही? आरओ यंत्र बसवावे का? पाण्याला औषधाचा वास येतो, तो अपायकारक तर नाही? सकाळी येणारे पहिले पाणी गढूळ का असते? सोसायटीची टाकी किती दिवसांनी धुवायची? बाह्यरुग्ण विभागात उलट्या-जुलाबाचे रुग्ण वाढू लागले की हेच प्रश्न डॉक्टरांपर्यंतही येतात. दुसऱ्या काही प्रश्नांची चौकशी मात्र क्वचितच होते. घरातून बाहेर पडलेले सांडपाणी कुठे जाते? संडासाची टाकी शेवटची कधी उपसली? गल्लीतली मैलावाहिनी आणि पाण्याची वाहिनी एकमेकींपासून किती अंतरावर आहेत?

पहिले प्रश्न पिण्याच्या पाण्याचे आणि दुसरे सांडपाण्याचे, ही वाटणी लोकांच्या मनात पक्की आहे. महापालिकांतही दोन्हींचे विभाग वेगळे, अधिकारी वेगळे आणि तक्रारवह्याही वेगळ्या. जंतूंना ही वाटणी मान्य नाही. टायफॉइड, कॉलरा, कावीळ, आमांश हे आजार एका माणसाच्या विष्ठेतून निघून दुसऱ्याच्या तोंडात पोहोचतात. शहरात या प्रवासाची सर्वांत जवळची वाट रस्त्याखालच्या चरातून जाते, कारण तिथे दोन्ही वाहिन्या शेजारी शेजारी पुरलेल्या असतात. त्यामुळे पाण्याविषयीच्या घरगुती प्रश्नांचे अर्धे उत्तर स्वयंपाकघरात मिळते आणि उरलेले अर्धे रस्त्याखाली शोधावे लागते.

पहिले पाणी गढूळ का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. कुठे दिवसाआड येते, तर मराठवाड्यातल्या काही शहरांत अनेक दिवसांनी. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते तेव्हा एखाद्या सांध्याला भेग असली तरी पाणी आतून बाहेर गळते, बाहेरचे आत शिरू शकत नाही. पुरवठा बंद झाला की चित्र उलटते. वाहिनी रिकामी होताना आतला दाब उतरतो आणि त्याच भेगेतून भोवतालच्या ओल्या मातीतले पाणी आत ओढले जाते. शेजारची मैलावाहिनी फुटलेली असेल, घराचा नळजोड गटारातून ओलांडून नेलेला असेल, तर आत ओढले जाते ते सांडपाणीच. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला की हे सगळे पहिल्या लोंढ्याबरोबर नळातून बाहेर पडते. नळाला थेट मोटार लावून पाणी खेचणारी घरे या ओढीत भर घालतात, आणि त्याचा त्रास शेवटच्या टोकाच्या घरांना होतो.

शेजारच्या कर्नाटकातील हुबळी-धारवाडमध्ये याचे मोजमाप झाले आहे. तिथे एकाच शहराच्या काही भागांत चोवीस तास आणि उरलेल्या भागांत ठरावीक वेळी पाणी येत होते. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या भागातल्या नळांच्या शंभरातल्या सुमारे ३२ नमुन्यांत विष्ठेचा संसर्ग दाखवणारे ई. कोलाय जंतू सापडले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात हा जंतू एकही असता कामा नये. पुढच्या अभ्यासात टायफॉइडचा रुग्ण असलेली घरे चोवीस तास पाणी येणाऱ्या भागात सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळली. साध्या जुलाबांच्या एकूण प्रमाणात मात्र तितका फरक दिसला नाही. जुलाबाचे जंतू न धुतलेल्या हातांवरून, अन्नातून आणि दारापुढच्या उघड्या गटारातूनही घरात येतात. केवळ नळ सुधारून काम भागत नाही, हेच यातून दिसते.

घरापुरते उत्तर सोपे आहे. पाणी आल्यावर सुरुवातीची काही मिनिटे ते वेगळ्या बादलीत घ्यावे आणि फरशी किंवा संडासासाठी वापरावे. स्वच्छ येऊ लागल्यावर पिण्याचे भरावे. त्यानंतरही पाण्याला घाण वास किंवा रंग असेल, तर ते पिऊ नये आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. असे पाणी एकाच घरात येत असेल तर दोष बहुधा त्या घराच्या नळजोडात असतो. सगळ्या गल्लीत येत असेल तर मुख्य वाहिनीत गटार मिसळले आहे असेच समजावे. दिसायला स्वच्छ पाणी सुरक्षित असतेच असे नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. काविळीचा विषाणू पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही.

औषधाचा वास

नळाच्या पाण्याला येणाऱ्या औषधी वासाची तक्रार अनेकजण करतात. तो वास क्लोरीनचा असतो. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन घातला जातो तो तिथल्या जंतूंसाठी, पण थोडा जास्तच, म्हणजे वाटेत काही मिसळले तर त्याच्याशी झुंजायला पाण्यात शिल्लक राहावा म्हणून. भारतीय मानकानुसार घरच्या नळाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ही पातळी किमान ०.५ मिलिग्रॅम धरली आहे. इतक्या क्लोरीनने अपाय होत नाही. वास नको असेल तर पाणी भांड्यात काही वेळ ठेवले की तो उडून जातो. काळजी करायची ती रोजचा वास एकाएकी नाहीसा झाला तर. वाटेत घाण मिसळली की क्लोरीन तिच्यातच खर्च होतो आणि नळापर्यंत काहीच उरत नाही.

पुण्याने हे २०२५च्या जानेवारीत अनुभवले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक येऊ लागले आणि काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. अनेकदा त्याच्याआधी पोटाचा साधा संसर्ग झालेला असतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. हे दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. बाधित पट्ट्यातली काही गावे २०२१मध्ये महापालिकेत आली होती, आणि तिथे विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन घालून दिले जात होते. तपासणीत काही घरांच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन शून्य आढळला. परिसरातल्या काही खासगी आरओ पाणी प्रकल्पांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ते बंद केले. विकतचे पाणी आणणारी घरेही सुरक्षित नव्हती.

क्लोरीन हा पहारेकरी आहे, पण त्याच्या ताकदीला मर्यादा आहे. १९५५ च्या डिसेंबरपासून १९५६ च्या जानेवारीपर्यंत दिल्लीत काविळीची साथ आली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. नजफगड नाल्याचे मैलायुक्त पाणी वझिराबाद येथे, जिथून शहरासाठी यमुनेचे पाणी उचलले जाते, तिथपर्यंत पोहोचले होते. धोका ओळखून पाण्यात तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढवले गेले. टायफॉइड आणि आमांश वाढले नाहीत. काविळीचा विषाणू मात्र पार झाला. त्या साथीतले साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा तो ‘हिपॅटायटिस ई’ असल्याचे स्पष्ट झाले. या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. एरवी बहुतेक रुग्ण या काविळीतून आपोआप बरे होतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ती शंभरातल्या २० ते २५ मातांचा बळी घेऊ शकते. पाण्यात मैला एकदा शिरल्यावर कितीही औषध ओतले तरी ती पूर्ण खात्री देता येत नाही. मैला पाण्यापासून दूर ठेवणे हाच पहिला उपचार आहे.

उकळणे, तुरटी, आरओ

घरच्या उपायांत आजही सर्वांत भरवशाचा उपाय उकळण्याचा आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते एक ते तीन मिनिटे तसेच ठेवले की जीवाणू, विषाणू आणि अमिबा, जिआर्डियासारखे परजीवीही मरतात. वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. कोमट करून थांबणे मात्र उपयोगाचे नाही. साथीच्या दिवसांत, घरात गर्भवती, तान्हे मूल किंवा आजारी वृद्ध असताना आणि पाण्याविषयी जराही शंका असताना उकळलेलेच पाणी द्यावे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवून गाळलेले पाणी पुढे उकळावे किंवा त्यात मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे.

आरओ यंत्राचे मुख्य काम पाण्यातले क्षार कमी करण्याचे आहे. क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे भारतीय मानकाला मान्य आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालते. मुंबई-पुण्याला सह्याद्रीतल्या धरणांतून येणारे पाणी या मर्यादेच्या बरेच खाली असते. अशा ठिकाणी आरओ लावून मिळते थोडे, आणि जेवढे पाणी पिण्याजोगे होते त्याहून अधिक बहुतेक यंत्रांतून मोरीत जाते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९मध्ये ५०० पेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले ते यामुळेच. बोअरचे पाणी खारे असेल, किंवा चंद्रपूर, यवतमाळसारख्या भागांत फ्लोराइड मर्यादेपलीकडे असेल, तर गोष्ट वेगळी. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, तिथे आरओचा उपयोग होतो. धरणाच्या पाण्यासाठी बहुतेक घरांना अतिनील किरणांचे साधे यंत्र पुरते. मात्र पाणी गढूळ असेल तर ते किरण पोहोचत नाहीत, आणि दिवा वेळेवर बदलावा लागतो.

विक्रेते घरी येऊन ग्लासात दोन सळया बुडवतात आणि नळाचे पाणी तपकिरी झालेले दाखवतात. ती घाण पाण्यातली नसते. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि सळईचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. त्यांच्या हातातले छोटे टीडीएस मीटरही क्षारच मोजते. पाण्यात टायफॉइडचे जंतू आहेत की नाहीत, हे त्याला सांगता येत नाही.

आरओचा एक परिणाम यंत्राच्या माहितीपत्रकात नसतो. ज्या घरात ते बसते त्या घराची तक्रार बंद होते. गढूळ पाणी आले तरी त्या घराचे अडत नाही. त्याच वाहिनीवरच्या चाळीत, वस्तीत, पहारेकऱ्याच्या खोलीत तेच पाणी तसेच प्यायले जाते. तक्रार करण्याची ऐपत आणि सवड असलेले लोक गप्प झाले की वॉर्ड कार्यालयावरचा दबाव संपतो. घरात लावलेले यंत्र अशा रीतीने रस्त्याखालच्या भेगेचे आयुष्य वाढवते.

टाकी, हंडा आणि ओगराळे

नळापर्यंत चांगले आलेले पाणी घरातही बिघडते. सोसायटीची जमिनीखालची टाकी बहुधा आवाराच्या सखल कोपऱ्यात, ड्रेनेजच्या चेंबरशेजारी असते. पावसात चेंबर तुंबला की पाणी टाकीच्या झाकणावरून आत जाते. टाकीचे तोंड जमिनीपासून उंच, झाकण घट्ट आणि वाहून जाणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असायला हवी. दोन्ही टाक्या वर्षातून किमान दोनदा, त्यातली एकदा पावसाळ्यापूर्वी, रिकाम्या करून घासून घ्याव्यात. टाकीत टीसीएल पावडर घालायची असेल तर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवून, वरचे निवळ पाणीच टाकीत ओतावे आणि अर्ध्या तासाने पाणी वापरावे. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली जुनी पावडर निकामी झालेली असते. घरात पिण्याचा हंडा झाकलेला ठेवावा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. हात बुडवून तांब्या भरला की उकळण्याचे सगळे श्रम वाया जातात.

फ्लशनंतर पुढे काय?

शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी हिशेब आहे. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. चौघांच्या घरातून दिवसाला सव्वाचारशे लिटरहून अधिक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रक्रिया होते ती सुमारे २० हजार दशलक्ष लिटरवर. उरलेले नाल्यांतून नदीत जाते. एका शहराचा नाला जिथे नदीला मिळतो, त्याच्या खाली दुसऱ्या गावाची पाणी उचलण्याची विहीर असते.

जिथे मैलावाहिनी नाही तिथे संडासाची टाकी असते. ती दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, कारण गाळ साचत गेला की टाकीचे काम थांबते आणि मैला तसाच बाहेर पडतो. ‘आमची टाकी पंधरा वर्षांत भरली नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की टाकीला तळ नाही किंवा तिचे पाणी थेट गटारात सोडले आहे. तळ नसलेल्या टाकीतला मैला जमिनीत मुरतो आणि शेजारच्या बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्याची विहीर संडासाच्या टाकीपासून आणि शोषखड्ड्यापासून किमान ५० फूट दूर, आणि जमिनीचा उतार पाहून वरच्या अंगाला असावी. टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी. आत माणूस उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या विषारी वायूने काही क्षणांत माणूस दगावतो. वाचवायला उतरलेला दुसराही बऱ्याचदा परत येत नाही.

मोरीत तेल, सॅनिटरी पॅड, डायपर, कापड टाकणे हे किरकोळ वाटते. त्यानेच मैलावाहिनी तुंबते, चेंबर ओसंडतो आणि ते पाणी शेजारच्या भेगा शोधत जाते. ते नेमके कोणाच्या नळातून बाहेर येईल, हे आधी सांगता येत नाही.

विचारायचा प्रश्न

घरात घ्यायची काळजी घ्यायलाच हवी. परंतु चार लाख घरांनी रोज पाणी उकळणे हे सार्वजनिक आरोग्याचे धोरण होऊ शकत नाही. कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. ओडिशातल्या पुरी शहरात २०२१पासून नळाचे पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था उभी राहिली. वाहिनीत सतत दाब राहील इतके नियोजन झाले की पाण्याची नासाडी आणि दूषितीकरण दोन्ही आटोक्यात येतात, हे त्यातून दिसते. तोपर्यंत काही गोष्टी पैशाशिवायही करता येतील. पाण्याच्या आणि मैल्याच्या वाहिन्या जिथे एकमेकींना छेदतात त्या जागांची यादी प्रत्येक प्रभागाने पावसाळ्यापूर्वी तपासावी. गटारातून गेलेले नळजोड बाहेर काढावेत. जुलाबाचे तीन-चार रुग्ण एकाच गल्लीतून आले तर दवाखान्याने त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला कळवावे, आणि त्या विभागाने मलनिस्सारण विभागाला बरोबर घेऊनच खोदाई करावी.

नागरिकांनीही एक नेमका प्रश्न विचारायला शिकावे. ‘पाणी शुद्ध आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळाला आज क्लोरीन किती होता?’ या प्रश्नाला आकडा द्यावा लागतो. हा आकडा काढायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ओटी चाचणीत औषधाचे काही थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते, आणि गावोगावचे जलसुरक्षक ही चाचणी करतात. ग्रामपंचायतींना स्रोताच्या पाहणीनंतर लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे ग्रामसभेत विचारता येते. शहरांत प्रभागनिहाय क्लोरीनचे रोजचे आकडे, तेही टाकीजवळच्या नळाचे नव्हे तर टोकाच्या नळाचे, कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? पेट्रोलचा भाव रोज कळतो, धरणातला साठा रोज छापून येतो. पिण्याच्या पाण्यात जंतूंशी लढायला आज काही शिल्लक होते की नव्हते, एवढेही लोकांना कळायला हवे. ज्या दिवशी त्या फळ्यावर शून्य लिहिले जाईल, त्या दिवशी गल्लीतल्या गर्भवतीला पाणी उकळून द्यायची आठवण वेळेवर होईल, आणि रस्ता कुठे खोदायचा हेही समजेल.